आई, हे कांदे नाहीत

मंडळी, आज सकाळी पोह्यांना कांदा कमी पडला. फ्रिजच्या तळाशी कागदी पिशवीत तीन सापडले. एक कापला, तर ओल्या कुत्र्यासारखा वास स्वयंपाकघरभर सुटला.

तेव्हा कुठे पिशवीवरचं वाचलं. चौथी शिकलेय, वाचता येतं, पण आधी वाचेन तर मी कसली! अक्षर सुनेचं होतं. ती दिवाळीत गेली, दोन महिने झाले.

नात धावत आली. कुवेतचाच जन्म, तिला मराठी वाचता येत नाही. "आजी, मम्माने काय लिहिलंय? टेल मी ना!"

पोर काहीतरी गोड ऐकायला उभी होती. मी जे होतं तेच वाचलं, "आई, हे कांदे नाहीत. विषारी आहेत. चष्मा लावा."

पोर हसली, मग रडली. मी मागे वळून पाहिलं. बाई जिवंतपणी अशीच मागून येऊन बोलायची.

ते फ्रिटिलेरिया नावाच्या फुलाचे कंद. थंडी लागते म्हणून तिने फ्रिजमध्ये ठेवलेले. उरलेले दोन आम्ही इथे कुवेतमध्ये, अहमदी गावातल्या आमच्या घराच्या अंगणात भिंतीच्या सावलीला लावले. तिरके लावायचे, नाहीतर मधल्या भोकात पाणी साचून कुजतात, हे ती मैत्रिणीला सांगताना ऐकलं होतं.

माती दाबली आणि म्हटलं, "तिरकेच लावलेत गं." मग मूर्खासारखी उभी राहिले, ती काय चूक काढते ते ऐकायला.

इथल्या उन्हात हे उगवतात का, कुणी लावलेत? नाही उगवले तर ती मलाच बोलेल.