मावशीच्या अंगणातलं आमेन

मावशीच्या पुतण्याने तिला फसवलं. मला फसवलं आणि खालच्या पाड्यालाही फसवलं. आडवळणाने बोलणं मला जमत नाही, म्हणून हे आधीच सांगून टाकतो. आता मावशीबद्दल.

ती उजवा तळवा पुढे धरायची आणि म्हणायची, "आमेन म्हण." बोलणं कसलंही असो, तिच्या लेखी ते तिथे पक्कं व्हायचं.

मी मुरबाडचा गवताचा व्यापारी. एक बैलगाडी भाड्याने घेऊन सुरुवात केली, आज स्वतःची वखार आहे. शहापूरहून डोळखांबकडे जाताना मावशीचा माळ लागतो. तिथलं गवत घ्यायला पहिल्यांदा गेलो, तेव्हा घासाघीस करायची पूर्ण तयारी करून गेलो होतो. गवत जाड आहे, माळावर दगड फार, गाडी वर चढत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, मला चहा दिला आणि विचारलं, "झालं तुझं? आता वर बघून भाव सांग."

मी वर बघितलं. जो भाव शेवटी द्यायचा ठरवून आलो होतो, तोच पहिल्यांदा तोंडातून गेला.

"आमेन म्हण."

"मावशी, आमच्यात नसतं ते."

"आमेन म्हणजे खरोखर. तुमच्यात खरं बोलतात ना? मग म्हण."

म्हटलं. परत येताना सगळा राग ड्रायव्हरवर काढला. पण पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच गेलो, आणि त्यानंतर दरवर्षी.

तिचा नवरा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. तो लवकर गेला. स्वतःचं मूल नव्हतं, पण दिरांची सगळी पोरं तिच्याच हाताखाली वाढली. हा पुतण्याही त्यातलाच. नाताळात सगळं गोत जमायचं, पण करंज्यांचा पहिला घाणा पाड्यावर जायचा. सुना कुरकुरायच्या. मावशी म्हणायची, "येशूबाळ गोठ्यात जन्मलं गो. तिथून सुरुवात करायची."

आणि तिची विहीर. उन्हाळ्यात पाड्याचा झरा आटला की बायका हंडे घेऊन तिच्याकडे यायच्या. गेटाला कडीच नव्हती. मावशी ओट्यावर बायबल वाचत बसायची आणि मधेच ओरडायची, "दोर हळू सोड गो, काठ झिजतोय!"

विहिरीचा तो तुकडा रस्त्याला लागून होता. मला तिथे दुसरी वखार हवी होती. तीन खेपा मारल्या, आवाजही चढवला. "मावशी, विहीर बुजवत नाही. नुसतं कुंपण घालतो."

"कुंपण घातलंस की ती तुझी झाली. मला ती देवाची ठेवायची आहे."

आयुष्यात सोडून दिलेला माझा तो एकच सौदा.

गेल्या वर्षी भातकापणीनंतर तिच्या अंगणात हंगामाची उपासना झाली. टेबलावर नवा तांदूळ, भोपळे, नाचणीची कणसं. पाड्यावरचेही आपापलं घेऊन आले होते. प्रार्थना झाल्यावर मावशी उठली आणि तिने पुतण्यासमोर तळवा धरला. "माझ्यामागे जमीन याची. विहीर पाड्याची. याने गेट लावायचं नाही. आमेन म्हण."

तो मोबाइलमध्ये बघत होता. मान वर केली आणि म्हणाला, "आमेन, काकी." चांगला मोठ्याने. मी त्याच्या शेजारी उभा होतो.

मी मावशीला बाजूला घेतलं. "कागद करा."

ती माझ्यावरच चिडली. "तुझ्या आमेनला मी कधी कागद मागितला?"



महिनाभरात माझे मजूर माळावर गवत कापायला लागले, तर आत चुन्याच्या रेषा निघाल्या. लोखंडी खुंट्या, त्यांना लाल चिंध्या. मी मावशीला सांगितलं. "पोरं खेळली असतील," ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिने आपली खाट ओट्यावर आणवली, गेट दिसेल अशी. मग एक माणूस टेप घेऊन आला आणि गेटाची मापं घेऊन गेला. कुणी बोलावलं, विचारलं तर हसला फक्त. मावशीचं जेवण सुटलं. मी गेलो की एकच प्रश्न, "गेट उघडं आहे ना रे?"

शेवटच्या भेटीत तिने तळवा पुढे केला. "तू बघशील?"

"बघतो."

"आमेन म्हण."

म्हटलं.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात ती गेली. पाड्यावरच्या बायका विहिरीवरून तशाच आल्या, डोक्यावरच्या चुंबळी ओल्या होत्या. पुतण्याने सगळ्यांत आधी मूठमाती दिली, डोळे पुसले. आम्ही कबरस्तानातून परत आलो, तर गेटाला साखळी होती. बायकांचे हंडे आत राहिले होते.

तुम्ही आता त्या रस्त्याने गेलात तर निळ्या पत्र्याचं गेट दिसेल. आत बंगल्यांचे प्लॉट पाडलेत. विहिरीवर लोखंडी जाळी आहे आणि दिवसभर पाणी उपसणाऱ्या मोटारीचा आवाज येतो. बायका ओढ्यात खड्डे उकरून वाटीवाटीने पाणी भरतात. त्यातली एक म्हातारी मला म्हणाली, "शेठ, बाय होती तवर ठीक होतं. आता आमी कुठं जावा? पोरांची पोटं बिघडल्यात."

परवा मी तो माळ पाहिला. उरलेलं गवत कुणी कापलेलं नाही. कंबरभर वाळून उभं आहे, पार पाड्याच्या झोपड्यांपर्यंत. प्लॉटवाले तिथे कचरा जाळतात. मी गवतातला माणूस आहे, मला ते बघवलं नाही. आग लागली तर विझवायचं पाणी जाळीखाली आहे.

मी पुतण्याला गाठलं. तो गाडीची काच अर्धी खाली करून म्हणाला, "काकी भोळी होती हो. म्हातारीचं मन राखायला म्हटलं. तुम्हाला काय त्याचं?"

मला काय त्याचं? त्या विहिरीपायी मी माझी वखार सोडली. आणि तिच्या हातासमोर मीही तोच शब्द उच्चारला आहे. माझा अजून संपलेला नाही.

तेव्हा मावशीच्या पुतण्या, तू ऐक. साखळी काढ आणि त्या अंगणात पुन्हा उभा राहा, जिथे टेबल होतं तिथेच. पाडा समोर असेल, मी शेजारी असेन. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग, त्या दिवशी तू आमेन कुणाला म्हणालास?