दुपारी बंद ठेवलेला डबा

दीपमाला माझी भाडेकरू. मूळची तेल्हाऱ्याची, पुण्याची नोकरी सोडून अकोल्यात आलेली. वरच्या खोलीत कॉम्प्युटर ठेवून ती अकोटच्या सेंद्रिय कापूसवाल्या शेतकऱ्यांचं काम सांभाळते. रुईची कोणती गाठ कोणाच्या शेतातली, हे ब्लॉकचेनवर, म्हणजे मागाहून खोडता न येणाऱ्या ऑनलाइन वहीत, नोंदतात. त्या नोंदींची प्रत ठेवणारा नोड एका कंटेनरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या वेगळ्या कप्प्यात. सहीची गुप्त किल्ली असलेलं वॉलेट दुसऱ्यात. मी त्यांना डबे म्हणते. किल्ली हरवली तर सहीविना गाठी विकता येत नाहीत, जागच्या जागी अडकतात. नवी करून देणारं ऑफिस जगात नाही.

मे महिन्यात अकोल्यात दुपारी सगळंच बंद असतं. मशीन तापू नये म्हणून दीपमालाही वॉलेटचा डबा बंद ठेवी. त्या दिवशी डिस्क भरली. तिनं सवयीनं साफसफाईची आज्ञा दिली: बंद डबे आणि त्यांचा बेवारस डेटा काढून टाक. बंद होतं ते वॉलेटच.

ती खाली आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते. "काकू, किल्ली गेली."

"नक्कल?"

"पेनड्राइव्ह आहे, नत्थुजींकडं. पण उघडून कदी पाह्यली नाई."

"काहून?"

"राहून गेलं."

असल्या उत्तराचा मला राग येतो. "मग फोन लाव."

"त्यायले सांगू काय? मीच मागं लागून साऱ्यायले यात आणलं."

तिच्या हातून नंबर लागेना, मीच लावला, झालं ते सांगितलं आणि फोन तिच्या हाती दिला. नत्थुजी त्या शेतकऱ्यांच्या गटाचे अध्यक्ष. ते शांतपणे म्हणाले, "कामाचा डब्बा फेकला काहून वो पोरी?"

"मशीनले बेवारस वाटला."

"मशीनले वाटला. अन् तुले?"

तिनं फोन माझ्याकडं सरकवला. "पेनड्राइव्ह घेऊन निंगून राहिलो," म्हणाले. "चहा ठेवजो."

अकोटची बस येईपर्यंत तिनं पाणी घेतलं नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की दचके.

नत्थुजी आले, वरच्या खोलीत तिनं पेनड्राइव्ह लावला. पहिला पासवर्ड चुकला. दुसऱ्या वेळी वॉलेट उघडलं, पत्ता जुनाच दिसला, एका गाठीच्या नोंदीवर सही उमटली. दीपमाला भिंतीला टेकली.

"झालं?" नत्थुजी म्हणाले.

"झालं, काका."

"मंग आता माह्यासमोर पुन्ना फेक. अन् पुन्ना आणून दाखव. उद्या मी नसलो तं तुले एकटीले जमलं पायजे."

बरोबरच होतं त्यांचं. पण एंटरवर ठेवलेलं तिचं बोट हलेना. हललं तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते.