मामांच्या हातच्या सात फुल्या

आधीच सांगते, म्हणजे उगाच कुणी मला मांत्रिकाचा नंबर पाठवायला नको. आमचं घर बौद्ध. देव्हारा नाही, उतारा नाही, अमावस्या-पौर्णिमा नाही. शेजारच्या बाईच्या अंगात आलं की माझे वडील खिडकीतून ओरडायचे, "अरे, आधी तिला जेवायला घाला!" मी त्याच बापाची मुलगी. या सदरातले अनुभव वाचून मी आजवर हसतच आले... आता स्वतःच लिहायला बसलेय.

मी रेल्वेच्या गँगमध्ये आहे. कागदावर ट्रॅक मेंटेनर, पण काम तेच — घण, पहार, फावडं आणि ऊन. भिवंडीहून काल्हेरकडे येताना गोदामांची रांग लागते ना, तिच्या मागच्या अंगाला, खाजणाला चिकटून एक जुनी सायडिंग होती. मोठ्या लाइनपासून फुटून एका डेपोपर्यंत गेलेली, दोनेक किलोमीटरची. (जागा थोडी बदलून लिहितेय, समजून घ्या.) कित्येक वर्षं तिच्यावर गाडी गेली नव्हती. रुळांत तेरडा उगवायचा, जवळच्या पूर्णा गावातल्या म्हशी तिथे बसायच्या. खालचे स्लीपर, म्हणजे रूळ ज्यांच्यावर बसतात ते आडवे ओंडके, अजून लाकडी होते.

मग सीमेवर युद्ध सुरू झालं. टीव्हीवर सगळे नकाशे दाखवत होते, आणि आम्हाला सांगितलं — आठ दिवसांत ही सायडिंग फिट पाहिजे, लष्कराच्या गाड्या येणार. रणगाड्याएवढं वजन! त्या सडक्या लाकडावर!

आमचे मुकादम काशिनाथमामा, पूर्णा गावचे. रिटायर व्हायला तीन महिने राहिलेले. मी गँगमध्ये आले तेव्हा बाई म्हणून सगळे मला पाणी आणायला पाठवायचे. मामांनी माझ्या हातात पहार दिली. म्हणाले, "पानी ज्याचा त्यो आनंल. तू रूल उचल." जे काही शिकले ते त्यांच्याकडून.

आमची पद्धत अशी — कुजका स्लीपर दिसला की त्यावर चुन्याने फुली मारायची. फुली म्हणजे हा बदला. प्रत्येकाची फुली वेगळी असते, आम्ही लांबून ओळखतो. मामा फुली मारून झाली की मधोमध अंगठा दाबायचे. त्या अंगठ्याला जुनी चीर होती, ती चुन्यात उमटायची.

पहिल्याच दिवशी शंभरावर फुल्या झाल्या. आणि नवे स्लीपर आले चाळीस. आमच्या इंजिनिअर साहेबांनी एकदा फुल्यांकडे बघितलं, एकदा ढिगाकडे. म्हणाले, "चाळीसच ठेवा. बाकीच्या पुसा. फुली दिसली तर मी फिटची सही कशी करू?"

मामा चिडले. "साहेब, फुली पुसून लाकूड बरा व्हतंय का?" पण युद्ध होतं. आम्ही ओली गोणपाटं घेतली आणि पुसल्या. वीस वर्षांत ऐकलं नव्हतं असं काम, पण केलं. कोणते चाळीस बदलायचे ते मामांनी निवडले. पाचव्या दिवशी त्यांना ताप भरला, ते घरी पडले आणि गँग माझ्याकडे आली.

दुसऱ्या सकाळी आठ वाजता मी सायडिंगवर गेले. मोरीच्या, म्हणजे रुळांखालच्या छोट्या पुलाच्या, पुढे ओळीने सात फुल्या. ताज्या! प्रत्येकीत मधोमध अंगठा, अंगठ्यात चीर.

त्या सात जागा आधी कुणीच कुजक्यात धरल्या नव्हत्या. लाकूड वरून दगडासारखं. मी घण मारून बघितला, खणखणीत आवाज. तिथल्या तिथे मामांना फोन लावला. "मामा, ताप असताना इकडे कशाला आलात?"

"येरी झालीस का काय? मना उठवत न्हाय," मामा म्हणाले. आवाज अगदी खोल गेलेला. "कंची जागा?"

"मोरीच्या पुढे."

"बघतू आल्यावर."

गेटवर तेव्हा जवानांचा पहारा होता, आत जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद. हवालदाराने वही दाखवली. "मॅडम, रात को परिंदा भी नहीं आया." साहेब म्हणाले, "कुणीतरी टवाळकी करतंय. पुसा." मी पुसल्या.

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत, आणि चुना इतका जाड की बोटाने खरवडावा लागला. सातच, त्याच जागी. मला भीती नाही वाटली हो, राग आला! नवा स्लीपर एक शिल्लक नाही, गाडी उद्या, आणि हा कोण मेला छळतोय? गोणपाट घेऊन मी त्या फुल्या घासघासून पुसल्या.

चौथ्या दिवशी मामा कामावर आले. गाल बसलेले, पण हातात झेंडी. पहिली गाडी अकराच्या सुमाराला आत घेतली, माणसाच्या चालीने. ताडपत्री बांधलेली अवजड वाहनं सपाट वॅगनवर. गाडी जाताना स्लीपर किती दबतोय ते मुकादमाने बाजूने चालत बघायचं असतं. मोरी आली तशी मामांनी मला हाक मारली, "तू म्हनलीस ती जागा हीच ना?"

मी लांबून हात केला. हीच.

मामा तिथे वाकून उभे राहिले. बाकी सगळीकडे चालत होते, तिथे मात्र उभे राहिले. मी सांगितलं होतं म्हणून.

चौथी वॅगन त्यांच्या बाजूला कलंडली. पुढचं मला लिहिता येणार नाही.

नंतर ते सात स्लीपर काढले. वरचं दोन बोटं लाकूड शाबूत, खाली नुसता भुसा. वाळवी खालून खात गेली होती. चौकशीत मला विचारलं, "या जागी खूण होती का?" मी म्हणाले, नव्हती. तेव्हा नव्हतीच ना... तीन वेळा पुसली होती.

तेराव्याला पूर्णाला गेले. मामी आत घेऊन गेल्या, दार लोटलं आणि हळूच म्हणाल्या, "पोरी, एक इचारू? त्या तीन दिसांत ह्ये खाटेवरून उठलं न्हाय. मीच उठवून पानी पाजलं. पन रोज सकाली यांच्या हाताला चुना. नखांत, अंगठ्याला. मी रोज पुसत व्हती. यो चुना आला कुठून?"

मी त्यांचा हात धरून बसले, चहा प्याले आणि निघून आले.

सायडिंग आता बंद आहे. मी खूप डोकं चालवलं. मामा तापात चालत आले म्हणावं, तर वहीत नाव नाही आणि मामी रात्रभर उशाशी. दुसऱ्या कुणी मारल्या म्हणावं, तर ती चीर कुठून आणली? आणि मामांना जर कळलंच होतं, तर मला फोनवर का नाही सांगितलं? कुणाकडे उत्तर असेल तर कृपा करून मला सांगू नका.

मामी अजून फोन करतात, अजून तेच विचारतात. त्यांनी मामांच्या हातावरचा चुना पुसला, एवढंच त्यांना माहीत आहे. लाकडावरचा मी पुसला हे मी आजवर त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांची सून हे सदर दर आठवड्याला त्यांना मोठ्याने वाचून दाखवते.

दाखवू दे.