तंबाखू नाही, खर्रा

सुभद्राबाई मूळच्या भातकुलीच्या. बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन अकोल्यात आल्या आणि पूर्णाकाठ आरोग्य संस्थेत नोंदी घेऊ लागल्या. संस्थेत डॉक्टर आहेत, आकडे जुळवणारे संशोधक आहेत, काचेआड थंड खोल्यांत यंत्रं आहेत. माणसाच्या दारापर्यंत मात्र सुभद्राबाईंचा आवाज जातो. चपला बाहेर काढायच्या, दिलेलं पाणी प्यायचं, मग विचारायचं. फॉर्मवर जो शब्द छापला आहे तोच उच्चारायचा, हा संस्थेचा नियम. तो त्यांनी कधी मोडला नव्हता.

गेल्या वर्षी बार्शीटाकळीकडच्या एका गावात त्यांनी दोनशे चाळीस फॉर्म भरले. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला अकरा जण हो म्हणाले. एवढं निर्व्यसनी गाव! अहवाल लिहिणाऱ्या डॉ. अवनी खूश झाल्या. तोंडाचा कॅन्सर तपासणारी गाडी संस्थेकडे एकच. जिथे तंबाखू जास्त तिथे ती जाणार, म्हणून हे गाव यादीतून वगळलं गेलं. यंदा येत्या सोमवारच्या बैठकीत त्या यादीवर सही व्हायची होती.

शुक्रवारी सुभद्राबाई लेकरांची वजनं घ्यायला त्याच गावात गेल्या. नत्थुजींच्या ओसरीवर टेकल्या. पन्नाशीतले नत्थुजी वावरातून येऊन जेवत होते. वरणात भिजवलेली भाकर बोटानं तोंडात ढकलत होते.

“काहून जी, दात दुखते का?”

“दात नाई व बाई. तोंडच उघडत नाई. वर्ष झालं.”

“आ करा बरं. तुमची तीन बोटं उभी घाला.”

निरोगी तोंडात तीन बोटं उभी मावतात, हे संस्थेतल्या शिपायालाही ठाऊक असतं. नत्थुजींचं एक गेलं, दुसरं दातांवर अडलं.

“तंबाखू खाता?”

“मांगच्या सालीच तं इचारलं तुमी. नाई म्हनलो ना.”

“मंग खिशातल्या पुडीत काय हाय?”

“खर्रा.”

“अन् खर्र्यात?”

“सुपारी. चुना.” नत्थुजींनी खिशावर हात ठेवला. “अन् तंबाखू.”

आतून त्यांची बायको जमुना कडाडली, “तंबाखूले हात लावत नाई म्हनून गावभर मिरवते, अन् दिवसाले पाच खर्रे!”

नत्थुजी खोटं बोलले नव्हते. तंबाखू म्हणजे म्हाताऱ्यांनी तळहातावर मळायची ती. खर्रा पानठेल्यावर प्लास्टिकच्या कागदात घोटून मिळतो. त्याचं नाव वेगळं, म्हणून वस्तूही वेगळी. पुण्यात शिकलेल्या अवनी मॅडमना हे माहीत नसेल. सुभद्राबाईंचा सख्खा भाऊ खर्रा खातो. तरी त्यांनी छापलेला शब्द वाचला आणि ‘नाही’वर खूण केली. दोनशे एकोणतीस वेळा.

शनिवारी त्या अवनींच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

“मॅडम, माझे फॉर्म चुकले.”

“किती?”

“सगळे.” आणि त्यांनी खर्र्याचं सांगितलं.

अवनींनी पेनला टोपण लावलं. “सुभद्राताई, हे मांडलं तर तुमच्या बाकीच्या गावांवरही प्रश्न येतील. बावीस वर्षांच्या कामावर.”

“येऊ द्या. मी प्रश्न वाचत होती मॅडम, इचारत नव्हती.”

“आणि तुमचा अंदाजच चुकला असेल तर?”

“नाई चुकत. उद्याचा दिवस द्या.”

रविवारी त्या पहिल्या घरापासून पुन्हा निघाल्या. फॉर्मच्या समासात हातानं लिहिलेला नवा प्रश्न होता. एका दारात म्हातारी भांडली, “मांगं आली होती ना व? आता काहून आली?”

“मांगं चुकीचं इचारलं, आजी. खर्रा खाता का?”

“मी नाई. हे दोघं खाते.” म्हातारीनं खाटेवरच्या लेकाकडे अन् नातवाकडे बोट दाखवलं. दोघांनी माना खाली घातल्या.

पानठेलेवाला गोपाल हसत म्हणाला, “बाई, मलेच इचारलं असतं तं घरबसल्या यादी भेटली असती.”

दिवस मावळेपर्यंत नव्वद जण झाले. एकसष्ट हो. त्यांत चार बाया. त्यांनी चुलीकडे पाहत हळू सांगितलं.

सोमवारी बैठकीत अवनींनी दोन्ही आकडे शेजारी ठेवले. एका वरिष्ठानं विचारलं, “चूक कोणाची?”

सुभद्राबाई मागच्या खुर्चीवरून उठल्या. “माझी. अन् फॉर्म छापणाऱ्याची. माझी मी सुधारली, फॉर्म तुमी सुधारा.”

गाव यादीत परत आलं, पहिल्या क्रमांकावर.

गुरुवारी गाडी शाळेपुढे उभी राहिली. अवनींनी नत्थुजींच्या गालाची आतली पांढरी पडलेली कातडी पाहिली, तपासायला कणभर तुकडा काढला आणि म्हणाल्या, “खर्रा आजपासून बंद.”

नत्थुजींनी सुभद्राबाईंकडे पाहिलं. “जेवल्यावरचा बी?”

“जेवल्यावरचा बी.”

त्यांनी पुडी काढून गाडीच्या पायरीवर ठेवली. मागच्या रांगेत चाळीसेक माणसं होती. बऱ्याच जणांचे हात अजून खिशात होते. सुभद्राबाईंनी पुढचं नाव पुकारलं.