शंभर इंचांचा मार्लिन

"माणूस समुद्रासमोर एकटा उभा राहतो, तेव्हाच त्याची खरी उंची कळते," असं दिघेसाहेब आमच्या वर्कशॉपमध्ये मला सांगत होते. त्यांच्या मिसेस तेव्हा क्रॉयडनमध्ये पार्किंग शोधत फिरत होत्या.

दिघेसाहेब इंग्लंडातल्या रीडिंग गावचे, आयटीतून रिटायर झालेले. टोंगा बेटांजवळ, भाड्याच्या बोटीवरून त्यांनी ब्लू मार्लिन पकडला होता. हा पॅसिफिकमधला अवाढव्य मासा, तलवारीसारख्या लांब चोचीचा. तो पकडतात, बोटीलगत धरून मोजतात आणि जिवंत सोडून देतात. भिंतीवर लागतो तो माझ्यासारख्याने मापांवरून केलेला फायबरचा मासा. पूर्वी मी सांगलीत पुढाऱ्यांचे पुतळे करायचो. तिथेही मापं वरूनच यायची.

साहेबांनी कागद पुढे केला. लांबी एकशे पस्तीस इंच, घेर पंचावन्न. या दोन आकड्यांवरून वजन काढायचं सूत्र आहे. उत्तर आलं पाचशे दहा पौंड.

"पाचशेच्या वर ना? झालं तर मग!"

त्यांच्या अँगलिंग क्लबात पाचशे पौंडांवरचा मासा पकडणाऱ्याचं नाव बोर्डावर सोनेरी अक्षरांत लिहितात. साहेब तिथे सतरा वर्षं मेंबर. बोर्डावर एकही भारतीय नाव नाही. नाव लागायला माझ्या सहीचं मेजरमेंट सर्टिफिकेट हवं होतं, तेही शनिवारच्या अ‍ॅन्युअल डिनरच्या आत.

मी स्केच काढायला घेतलं आणि थांबलो. या मापात मार्लिन बसेना. सापासारखी लांबुळकी वाम होत होती.

"कस्टमरनं दिलंय ते माप घे," माझी बॉस जेन म्हणाली.

"सही माझी जाणार आहे."

"मग बोटवाल्याला विचार. पण उत्तर आलं की ते तूच निस्तरायचं."

मार्लिन मोजतात तो खालच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत. चोच धरत नाहीत. मी टोंगाच्या स्किपरला ईमेल टाकली. उत्तर दोन ओळींचं आलं. "शंभर इंच. मॅडमचा खांदा आता कसा आहे?"

मी साहेब आणि मिसेस, दोघांनाही बोलावून घेतलं.

"साहेब, तुम्ही चोचीच्या टोकापासून मोजलंत."

"मग? चोच काय दुसऱ्याची होती?"

"त्याचीच. पण धरत नाहीत. वजन तीनशे अठ्ठ्याहत्तर येतं."

मी मिसेसना खांद्याचं विचारलं.

"बराय आता. फिजिओ चालू आहे."

"शुभा!"

"अहो, शुभा काय? पहिली दहा मिनिटं तुम्ही होतात. नंतर बादलीत डोकं घालून कोण बसलं होतं? गळाचा रॉड समुद्रात जायला निघाला, म्हणून मी धरला. दोन तास!"

"मी सूचना देत होतो."

"हो ना. 'शुभा, मी मरतो' ही सूचना होती."

साहेबांनी स्केच बाजूला सारलं. मग म्हणाले, "पाचशेचं सोडा. पण सर्टिफिकेटवर हिचं नाव तरी घाला."

हे बोलायला त्यांना किती जड गेलं असेल, ते मला दिसत होतं. म्हणून पुढचं सांगणं अवघड झालं. या खेळात रॉड एकानेच धरायचा असतो. दुसऱ्याचा हात लागला, की तो मासा दोघांच्याही खात्यावर चढत नाही.

"म्हणजे माझाही नाही?" शुभाताई म्हणाल्या.

"नाही."

"कमाल आहे! मग ओढत कोण होतं?"

सर्टिफिकेट झालं नाही. साहेबांनी तिथूनच क्लबला फोन करून बोर्डासाठी दिलेलं नाव मागे घेतलं. तेव्हापासून मी माप आधी बोटवाल्याला विचारतो आणि कस्टमरचं भाषण नंतर ऐकतो.

मासा मात्र मी केला, शंभर इंचांचा, चोच वेगळी. तो रीडिंगला दिघ्यांच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर आहे. नियमाप्रमाणे तो कोणीही पकडलेला नाही.