मी म्हणालो, गाडी स्टार्टच होत नाही

सत्त्याण्णव साल असेल. जून महिना, सकाळचे आठ, आमचं पिंपळीचं घर... आणि दारात दोनच आठवड्यांपूर्वी घेतलेली सेकंडहँड जिप्सी. पांढरी, कापडी हुडाची. आधी बारामतीच्या एका डॉक्टरांकडे होती, आणि घर ते दवाखाना यापलीकडे त्यांनी ती फारशी नेलीच नव्हती.

गाडी एकदम ठणठणीत. अर्ध्या सेल्फमध्ये सुरू व्हायची. पेट्रोल भरपूर प्यायची आणि मागे बसणाऱ्याचं कंबरडं मोडायची, पण मला त्याचं काहीच नव्हतं. रोज सकाळी पुसायचो... आणि पुसता पुसता रस्त्यावरून कोण कोण बघतंय, तेही बघून घ्यायचो.

त्या दिवशी दुपारी बारामतीला साडूकडे जेवण होतं. बायको दोन दिवस आधीच तिकडे गेली होती. जेवण हे निमित्त, खरं तर गाडी दाखवायला जायचं होतं. आदल्या दिवशीच पांढरे सीट कव्हर घालून आणले होते.

तेवढ्यात म्हाळूतात्या आले. शेजारच्या वस्तीवरचे. त्यांच्या घरची मेंढरं एके काळी शेकड्यांनी होती, आता वीस-पंचवीस उरलेली, बाकी थोडी शेती. सोबत त्यांची मुलगी सुनंदा... नुकतीच बारावी झालेली, अंगावर इस्त्रीची साडी, हातात कागदपत्रांची पिशवी.

"विलासराव, साडेसातची यष्टी आलीच न्हाय. पोरीची इंदापूरला मुलाखत हाय, धा वाजता. बालवाडीच्या बाईंचा कोर्स हाय. तेवढं गाडीनं सोडता का?"

इंदापूर म्हणजे सव्वा तासाचा रस्ता. त्यांना सोडून आलो असतो, तरी बारा वाजता साडूच्या दारात पोचलो असतो.

पण तात्या थेट मेंढरांतून आले होते. पायाला चिखल, धोतराला चिखल. मी त्यांच्या पायांकडे बघितलं, मग सीट कव्हरकडे. गाडीत मेंढरांचा वास बसेल, साडूकडचे काय म्हणतील... एवढंच डोक्यात आलं. दुसरं कारण नव्हतं.

"गाडी स्टार्टच होत नाही, तात्या. आतलं काहीतरी गेलंय."

सुनंदानं पिशवी ओट्यावर ठेवली आणि पदर खोचला. "ढकलून बघू का, दादा? मी आन् तात्या ढकलतो की."

"नको, नको! ढकलून नाही व्हायची ती." घाईघाईनं म्हणालो. ढकलली असती तर दहा पावलांत सुरू झाली असती.

तात्या गाडीकडे बघून हळहळले. "आत्ताच घेतली आन् असं व्हावं..." म्हणाले, आणि दोघं फाट्याकडे चालू लागले. एखादा टेम्पो मिळतोय का बघायला.

अकरापर्यंत मी घरातच बसलो. मग जिप्सी काढली आणि बारामतीला गेलो. साडूनं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, कौतुक केलं.

साडेतीनला एकटाच परत आलो आणि गाडी लिंबाखाली लावली. पाच मिनिटं झाली नसतील, एक एम-एटी दारात येऊन थांबली. पुढे काटेवाडीचा मेकॅनिक, मागे म्हाळूतात्या.

"मुलाखत झाली का?" मी कसंबसं विचारलं.

"कुठली! दोन गाड्या बदलून पोचायला बारा वाजलं. नावं पुकारून झाली हुती. ते म्हणले, फुडच्या सालाला या." तात्या एम-एटीवरून उतरले. "पोरीचं ऱ्हायलं ते ऱ्हायलं. येताना तिला यष्टीनं तशीच घरी धाडली आन् मी काटेवाडीत उतरलो. म्हणलं, तुमची गाडी तरी मार्गी लावू."

मेकॅनिकनं बॉनेटवर हात ठेवला, आणि लगेच उचलला. "तात्या, ही तर गरम हाय की."

तात्यांनी गाडीकडे बघितलं. मग माझ्या अंगावरच्या नव्या शर्टाकडे. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. घ्यायलाच हवं होतं.

"उन्हात हुबी हाय सकाळधरनं," तात्या म्हणाले. "तापणारच."

गाडी लिंबाच्या गार सावलीत उभी होती.

मेकॅनिकनं किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्यात सुरू झाली. "चालू झाली, बरं झालं," एवढंच तात्या बोलले. मी चहाचं विचारलं, तर मेकॅनिकला घेऊन ते आपल्या घरी गेले.

खरं सांगायला मी दोनदा त्यांच्या वस्तीवर गेलो. दोन्ही वेळा त्यांनी पावसापाण्याचा विषय काढला आणि मला बोलूच दिलं नाही. की मलाच बोलायचं नव्हतं... माहीत नाही. पुढच्या मुलाखतीच्या आतच सुनंदाचं लग्न झालं. कोर्स राहिला तो राहिलाच. जिप्सी मी दोन वर्षांनी विकली. तात्या गेले, त्यांना खांदा दिला, पण शब्द काही तोंडातून निघाला नाही.

परवा सुनंदाची फ्रेंड रिक्वेस्ट आली. सोबत मेसेज... "दादा, ओळखलं का?" मी अजून ॲक्सेप्ट केलेली नाही. आधी हे इथे, सगळ्यांना दिसेल असं लिहायचं होतं.

सुनंदा, त्या सकाळी गाडीला काहीही झालं नव्हतं. तुझ्या वडिलांना ते कळलं होतं, आणि त्यांनी तुला सांगितलं नसणार, एवढं मी त्यांना ओळखतो. आता तूही वाच. रिक्वेस्ट मागे घ्यावीशी वाटली, तर खुशाल घे... मी रविवारपर्यंत थांबतो, मगच ॲक्सेप्ट करतो.