उसातली बंदूक

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की मला तसाच वास येणारं पुण्यातलं ते बंदुकीचं दुकान आठवतं आणि अजूनही राग येतो. रानडुकरानं नवऱ्याची मांडी फाडली होती, म्हणून पहाटे दवानं चिंब झालेल्या दाट उसात पाणी धरायला मी जात होते आणि पीकसंरक्षणाचा परवानाही माझ्याच नावावर निघाला होता. यवतहून निघताना मी कागदावर लिहून घेतलं होतं: नळी आखूड, वजन हलकं, ओलीत टिकणारी. दुकानदारानं कागद पाहिलाच नाही. सोबत आलेल्या दिरांना खुर्ची दिली आणि एक लांबलचक बंदूक त्यांच्या हातात ठेवली. दीर दुकानातल्या आरशात बघून म्हणाले, “वहिनी, हीच घ्या. लग्नात खांद्यावर शोभंल.” “उसात कुणाचं लगीन हाय, भावजी?” मी विचारलं. मग दोन खुर्च्या उसाच्या दोन ओळींमधल्या सरीएवढं अंतर सोडून ठेवल्या, त्यांना मधे उभं केलं आणि म्हटलं, “डुक्कर मागनं आलं, वळा!” ते वळले आणि नळी खुर्चीत अडकली. दुकानदार हसून म्हणाला, “होईल साहेबांना सवय.” “साहेब न्हाई, उसात मी जाणार हाय,” असं सांगून मी फळीवरची जुनी, लिव्हर ओढून भरायची आखूड बंदूक निवडली. सही माझी घेतली, पण बंदूक त्यानं दिरांच्याच हातात दिली. आजही गाव तिला दिरांची बंदूक म्हणतं. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करायची नोटीस मात्र माझ्या नावानं येते.